मंडळाचा व्हिडिओ आणि लिनक्सवर मास्किंग: कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आज आषाढीला आमच्या गणपती मंडळाची मीटिंग झाली, साबुदाण्याची खिचडी खात खात. यंदा जिवंत देखावा नाही, कारण दहा दिवस रोज संध्याकाळी मेकअप करून उभं राहायला आता कोण तयार होत नाही. त्याऐवजी सहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि मूर्तीच्या बाजूच्या पडद्यावर प्रोजेक्टरने फिरवायचा. विषय वाईचे घाट. आमचे रिटायर झालेले सर पगडी-अंगरखा घालून जुन्या काळातला कारभारी म्हणून घाटांची माहिती सांगणार. व्हिडिओ कोण करणार यावर चर्चाच झाली नाही, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

अडचण अशी की सरांना घाटावर उभं करून शूट करता येत नाही. पाऊस लागलाय, आणि धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. नशिबाने भाच्याने मे महिन्यात ढोल्या गणपतीच्या देवळाच्या आसपासचे बरेच शॉट मोबाईलवर काढून ठेवलेत, पाणी कमी, पायऱ्या कोरड्या, ऊन छान. म्हणजे सरांना हॉलमध्ये हिरव्या कापडासमोर शूट करायचं आणि मागे मे महिन्यातला घाट लावायचा.

एवढंच असतं तर बरं होतं. पण एका शॉटमध्ये भिंतीवर मोठा फ्लेक्स आहे, वाढदिवसाचा, तो काढायला पायजे. आणि एका शॉटमध्ये पुतणी कळशी घेऊन पायऱ्या चढतेय, तिच्या मागे तीन मोटरसायकली. तिला कापून वेगळी काढायची आणि मागचं सगळं बदलायचं. तिथे हिरवं कापड वगैरे काही नाही.

म्हणजे तीन वेगळी कामं. की काढणे (हिरवा रंग ओळखून तेवढा भाग आरपार करणे), ट्रॅक करून पॅच चिकटवणे (हलणाऱ्या चित्राचा माग काढून त्यावर ठिगळ बसवणे), आणि हाताने रोटो (आकृतीभोवती रेघ ओढून ती वेगळी कापणे). तिन्हीत लागतो तो मास्क, म्हणजे चित्राचा कुठला भाग ठेवायचा आणि कुठला झाकायचा ते सांगणारा आकार. गणपती २७ ऑगस्टला.

मशीन: माझा लॅपटॉप, आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, लिनक्स मिंट २२. भाच्याचा डेस्कटॉप, एनव्हिडियाचं ४ जीबीवालं कार्ड, त्यावर पण मीच मिंट टाकून दिलंय.

८ जुलै

भाच्याचा पहिला मेसेज: मामा, विंडोज टाकू ना परत, आफ्टर इफेक्ट्समध्ये सगळं होतं. होतं रे, पण ते लिनक्सवर येतच नाही, वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या खटपटीत महिना जाईल, आणि सबस्क्रिप्शनचे पैसे मंडळाच्या कुठल्या खात्यातून टाकायचे? मंडपाच्या की महाप्रसादाच्या?

संध्याकाळी लिनक्सवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी काढली. नॅट्रॉन, ब्लेंडर, केडेनलाइव्ह, शॉटकट, दाविंची रिझॉल्व्ह (त्यातलं फ्युजन), सिनेलेरा, ऑलिव्ह, न्यूक. एकच नियम ठरवला: फीचरची यादी वाचत बसायचं नाही, आपल्याच फुटेजमधले सगळ्यात वाईट तीन-तीन सेकंद काढायचे आणि प्रत्येकात तेच करून बघायचे. फीचरच्या यादीत सगळ्यांकडेच मास्क असतो. शॉटकटमध्ये पण आहे, साध्या आकाराचा, एखाद्याचा चेहरा धूसर करायचा असेल तर उत्तम.

ऑलिव्ह लगेच काटलं, कल्पना भारी आहे, पण काम थंडावलंय आणि मला २७ तारीख आहे. सिनेलेरा उघडलं, त्यात मास्कचं टूल चांगलं आहे, जुने लोक त्याची शपथ घेतात, मला त्याच्या खिडक्यांमध्ये अर्ध्या तासात घाम फुटला. बंद.

१० जुलै

न्यूक. सिनेमावाले हेच वापरतात, १९९३ मध्ये डिजिटल डोमेन नावाच्या स्टुडिओत स्वतःच्याच कामासाठी बनलं, आता फाउंड्री कंपनी विकते, आणि लिनक्सवर ते अगदी सख्ख्यासारखं चालतं. फुकटची नॉन-कमर्शियल आवृत्ती पण मिळते, १९२० बाय १०८० पर्यंतच रेंडर देते, आम्हाला तेवढंच पायजे. मग अडलं कुठे? आमच्या व्हिडिओच्या शेवटी चार दुकानांच्या जाहिराती आहेत, वर्गणीच्या बदल्यात. आता हे कमर्शियल की नाही? अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "देवाच्या कामाला कोण विचारतंय?" दादांचं बरोबर असेल, पण माझं मन धजेना. शिवाय त्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल एन्क्रिप्ट होते, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला द्यायची तर त्याच्याकडेही तेच लागणार. सोडलं.

१२ जुलै

पूर्ण दिवस रिझॉल्व्हमध्ये गेला, भाच्याच्या घरी.

ते अधिकृतपणे रॉकी लिनक्स नावाच्या वेगळ्या लिनक्सवर चालतं, मिंटवर टाकायचं तर आपल्या जबाबदारीवर. इन्स्टॉलर आधी पॅकेज तपासतो आणि अमुक तमुक नाही म्हणून थांबतो, खरं तर ती पॅकेजेस असतात पण नव्या उबंटूमध्ये (मिंट त्यावरच बनतं) त्यांची नावं बदललीत, म्हणून तपासणी वगळायचा पर्याय देऊन टाकावं लागतं. मग उघडत नाही. मग त्याच्यासोबत आलेल्या जीलिब नावाच्या लायब्ररीच्या जुन्या फाईली बाजूच्या फोल्डरमध्ये हलवायच्या म्हणजे सिस्टीमच्या फाईली घेतो. मग उघडलं. भाचा टाळ्या वाजवायला लागला, मी म्हणलं थांब, अजून क्लिप टाकलेली नाही.

क्लिप टाकली आणि चित्रच नाही. लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) चालत नाही आणि मोबाईल नेमकं त्याच्यातच रेकॉर्ड करतो. आवाज पण नाही, कारण तो एएसी, आवाजाची तशीच पद्धत. हे आधी वाचायला पायजे होतं, चूक माझीच. उपाय म्हणजे एफएफएमपेगने (फाईलचा प्रकार बदलणारं फुकट सॉफ्टवेअर) सगळं आधी डीएनएक्सएचआरमध्ये (एडिटिंगसाठीचा प्रकार) बदलायचं, आवाज पीसीएममध्ये (न दाबलेला), फाईल मोव्ह. १०८० ला मिनिटाला साधारण १ जीबी होते, हार्ड डिस्कवर जागा असेल तर काही प्रॉब्लेम नाही.

त्यानंतर मात्र मजा आली. फ्युजन खरोखर ताकदीचं आहे, नोडवर चालतं (प्रत्येक क्रिया एक चौकोन, चौकोन तारांनी जोडायचे), मास्कसाठी पॉलिगॉन टाकून कुठल्याही नोडला जोडता येतो. ज्या मॅजिक मास्कच्या (माणूस आपोआप कापून देणारा) नावाने भाचा उड्या मारत होता तो मात्र विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतच, २९५ डॉलर.

तरी निर्णय नाही असा घेतला. कारण साधं आहे, माझ्या लॅपटॉपवर ते चालणार नाही, त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागतंच. मग सगळं काम भाच्याच्या घरी, त्याच्या कॉलेजच्या वेळेनंतर, त्याच्या आईच्या चहावर. ज्याच्याकडे दणकट कार्ड आहे आणि एकट्यानेच काम करायचंय त्याने बिनधास्त तेच घ्यावं, मी अडवणार नाही.

१३ जुलै, रविवार

शूटिंग. कार्यालयाचा हॉल फुकट मिळाला. कापड सहा मीटर, पोपटी हिरवं, पॉपलिन. दुकानदार साटीन देत होता चकचकीत, ते घेऊ नये, त्याच्यावर लाइटचे डाग पडतात आणि प्रत्येक डाग म्हणजे वेगळा हिरवा. सर एकदम तयारीत आले होते, पगडी, अंगरखा, उपरणं. पाच शॉट दोन तासात उरकले. खूश होऊन घरी.

१४ जुलै

खुशी उतरली. तीन भानगडी.

पहिली, उपरण्याला हिरवे काठ आहेत. कोणाच्याच लक्षात आलं नाही. की काढली की सरांच्या खांद्यावरून आरपार कृष्णा नदी दिसते.

दुसरी, लाइट. हॉलमध्ये जुन्या चोकवाल्या ट्यूबा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला कळत नाही, पण फोनने ऑटोमध्ये ३० फ्रेमला आणि १/६० शटरला शूट केलं, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला ट्यूबच्या लहरीचा वेगळा तुकडा आला. दर तीन फ्रेमनी कापड उजळतं-मंदावतं, आणि वरून खाली पट्टे सरकतात. एका फ्रेमला बरोबर बसलेली की पुढच्या फ्रेमला बिघडते. हे कुठलंही सॉफ्टवेअर नीट सोडवत नाही, डिफ्लिकरचे फिल्टर लावून बघितले, सरांचा चेहराही पांढरा-पिवळा व्हायला लागला.

तिसरी, फ्रेम रेट. फोन ३० म्हणतो पण मधेच २९.४ मधेच ३०.२, लाइटनुसार बदलतो. एडिटरमध्ये टाकलं की आवाज पुढे आणि ओठ मागे. हे एक बरं, एफएफएमपेगने ठरावीक ३० ला बांधून घेता येतं.

रात्री सरांना फोन केला. म्हणलं सर, परत शूट करावं लागेल. सर म्हणाले, "काही हरकत नाही, पहिल्यांदा मी दोन वाक्यं चुकलोच होतो, तुम्ही कोणी बोलला नाहीत."

२० जुलै, रविवार

परत शूट. यावेळी फोन प्रो मोडमध्ये, शटर १/५० ला लॉक, आयएसओ लॉक, व्हाइट बॅलन्स लॉक. १/५० म्हणजे ट्यूबची बरोबर दोन चढउतारं प्रत्येक फ्रेममध्ये मावतात, मग फ्रेम रेट ३० ठेवला तरी फ्लिकर नाही. (मे महिन्यातले शॉट ३० चे आहेत म्हणून ३० च ठेवला.) सर कापडापासून सात-आठ फूट पुढे, म्हणजे हिरवी झाक अंगावर कमी पडते. उपरणं बदललं, लाल काठाचं.

आणि यावेळी फोर-के मध्ये. शेवटचा व्हिडिओ १०८० च आहे तरी. भाच्याने विचारलं उगाच कशाला मोठ्या फाईली, तर कारण असं: मोबाईलचा व्हिडिओ ४:२:० असतो, म्हणजे उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवतो, पण रंग चार पिक्सेलला मिळून एकच. की तर रंगावरूनच काढायची असते, म्हणून १०८० मध्ये शूट केलं की रंगाची माहिती खरी ९६० बाय ५४० चीच असते आणि पगडीच्या कडेला पायऱ्या-पायऱ्या दिसतात. फोर-के मध्ये रंगाची माहिती १९२० बाय १०८० असते. ते लहान करून १०८० केलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. फक्त लहान करताना फाईल परत ४:२:० मध्ये ठेवायची नाही, ४:४:४ ची ठेवायची, नाहीतर एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पुढे कुठलं सॉफ्टवेअर निवडतो यापेक्षा या एका गोष्टीने कीमध्ये जास्त फरक पडला, दोन्ही शूटचे तीन सेकंद शेजारी ठेवून बघितलेत.

२३ जुलै

कीची परीक्षा. सरांचा शॉट दोन, पगडीच्या खालून पांढरे केस, हात हलवताना बोटं धूसर.

केडेनलाइव्ह: क्रोमा की लावली, स्पिल (अंगावर पडलेली हिरवी झाक) काढायचा इफेक्ट लावला, पाच मिनिटांत ऐंशी टक्के काम. कडा जरा कोरडी, कात्रीने कापल्यासारखी, केस गेले. घाईत असतो तर इथेच थांबलो असतो.

ब्लेंडर: कंपोझिटरमधला (चित्रं एकावर एक जोडायचा भाग) कीइंग नोड चांगला आहे, स्पिल त्यातच निघतो. पण आधी एक तास वेगळ्याच कारणाने गेला. क्लिप आणली की सगळं फिकट, सरांचा पांढरा अंगरखा राखाडी. मला वाटलं फाईल बिघडली. तसं नव्हतं, ब्लेंडरमध्ये ४.० पासून रंग दाखवायची पद्धत डिफॉल्टला एजीएक्स असते, थ्रीडीसाठी ती छान, व्हिडिओसाठी ती बदलून स्टँडर्ड करायची. हे एक सेटिंग कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

नॅट्रॉन: हे बघून बरं वाटलं. फ्रान्समधल्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत सुरू झालेलं, ओपन सोर्स, दिसायला वागायला न्यूकच्या घरातलं. शेवटची आवृत्ती २.५, २०२२ ची, म्हणजे काम फार जोरात चालू नाही हे मान्य. पण कीसाठी त्यात चार-पाच वेगवेगळे नोड आहेत. मी पीआयके वापरला, तो आधी कापडाचाच एक स्वच्छ फोटो तयार करतो, म्हणजे माणूस नसता तर मागे कुठे किती हिरवं असतं तो अंदाज, आणि मग प्रत्येक पिक्सेल त्याच्याशी ताडून बघतो. आमचं कापड एका कोपऱ्यात काळपट आहे आणि वर उजळ, तरी एकसारखी की आली. केस आले! पांढरे, धूसर, जिवंत. भाच्याला व्हिडिओ कॉल करून दाखवले.

नॅट्रॉनमध्ये आवाज नाही, टाइमलाइनवर कटिंग नाही, ते त्याचं कामच नाही. एक शॉट आत, एक शॉट बाहेर.

२५ जुलै

नॅट्रॉनमध्ये पगडीभोवती काळी रेघ. दीड तास शोधत होतो. कीअर नोड अल्फाने (प्रत्येक पिक्सेल किती दिसायचा ते सांगणारा आकडा) गुणलेलं चित्र देत होता आणि मी पुढे परत प्रीमल्ट नोड (अल्फाने गुणणारा) लावला होता, म्हणजे कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल दोनदा गुणले गेले, अर्ध्याचा पाव झाला, पाव म्हणजे काळपट. नोड काढला, रेघ गेली. काळी रेघ दिसली की आधी हेच बघायचं, कडा आत खेचायचे उपाय नंतर.

आणखी एक. तोच मास्क, तेवढाच फेदर (कडेचा मऊपणा), केडेनलाइव्हमध्ये वेगळा दिसतो आणि नॅट्रॉनमध्ये वेगळा. कारण नॅट्रॉन फाईल वाचतानाच रंग लिनिअर करतो (आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात आणतो) आणि मिसळणं तिथे करतो, केडेनलाइव्ह आहे त्याच रंगात मिसळतो. चूक कोणाची नाही, पण अर्धं काम इकडे अर्धं तिकडे करायचं असेल तर मऊ कडा एकाच ठिकाणी पक्क्या करायच्या आणि पुढे तयार चित्र न्यायचं. ठरलं, नॅट्रॉनमधून थेट पूर्ण जोडलेला शॉट बाहेर काढायचा, पीएनजीच्या फ्रेम्स म्हणून. लाइट गेली आणि ४१२ व्या फ्रेमला रेंडर थांबला तर ४१३ पासून पुढे लावता येतो. परवाच उपयोगी पडलं.

२ ऑगस्ट

मध्ये आठवडा ऑफिसच्या कामात गेला. आज फ्लेक्सचा शॉट. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, मागची भिंत माशाच्या आकाराची केलीय, पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. आमच्या व्हिडिओतला सगळ्यात महत्त्वाचा शॉट तो, कॅमेरा त्या भिंतीवरून हळूहळू सरकत शिखराकडे जातो, आणि सुरुवातीला चार सेकंद अलीकडच्या घराच्या भिंतीवर तो फ्लेक्स. फ्लेक्सवरचा माणूस हात जोडून हसतोय, जणू प्रेक्षकांचं स्वागत करतोय.

इथे ब्लेंडर आणि बाकी सगळे यांच्यात तुलनाच नाही. ब्लेंडरमध्ये ट्रॅकिंग २०११ पासून आहे आणि मास्कचं टूल २०१२ पासून, ब्लेंडरवाल्यांनी तेव्हा खऱ्या नटांची एक शॉर्टफिल्म करायला घेतली होती त्या कामातून ते तयार झालं, आणि हातात घेतलं की जाणवतं की हे काम करणाऱ्यांनी बनवलंय. नॅट्रॉनमधला ट्रॅकरसुद्धा आतून त्याच लायब्ररीवर चालतो.

फ्लेक्सच्या चार कोपऱ्यांजवळ मार्कर ठेवले, ट्रॅक केले, एक कोपरा पिंपळाच्या फांदीमागे जात होता म्हणून तिथे शेजारचा खिळा धरला. चारांचा मिळून प्लेन ट्रॅक (भिंतीसारख्या सपाट भागाचा माग). जिंपमध्ये शेजारच्या भिंतीचा तुकडा घेऊन स्वच्छ पॅच बनवला, तो प्लेनवर बसवला, कडेला मास्कने मऊ केलं. भिंत आली! मग बघितलं तर पॅच एकदम स्थिर आणि आजूबाजूची भिंत मोबाईलच्या बारीक दाण्यांनी सळसळतेय, त्यामुळे पॅच स्टिकरसारखा दिसतो. त्यावर थोडा नॉइज घातला, थोडा ब्लर. आता मला माहिती असून मला सापडत नाही.

फांदी मात्र पॅचच्या मागे जातेय. उद्या.

३ ऑगस्ट, रविवार

फांदी. पान-पान रोटो करणं मूर्खपणा आहे. फांदी गडद, फ्लेक्स उजळ, म्हणून उजेडावरून की काढली, तिच्याभोवती ढोबळ मास्क टाकला की बाकी गडद गोष्टी येऊ नयेत, आणि ती पॅचच्या वर परत ठेवली. वीस मिनिटं. मास्क हा नेहमी रेघ ओढूनच करायचा असं नसतं हे मला इतक्या वर्षांनी कळतंय.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी बांधून घेतली, जेवलो आणि बसलो पुतणीचा शॉट घेऊन. नऊ सेकंद, २७० फ्रेम.

पहिला प्रयत्न मागच्या आठवड्यात केडेनलाइव्हमधल्या रोटोस्कोपिंगने केला होता, पूर्ण आकृतीभोवती एकच आकार, पन्नास-साठ बिंदू, दर पाच फ्रेमला कीफ्रेम (जिथे आकार हाताने बसवतो ती फ्रेम, मधल्या सॉफ्टवेअर भरतं). फेकून द्यावा लागला. पाय पुढे येतो, हात मागे जातो, साठ बिंदूंपैकी कुठला कुठे होता हे कळेनासं होतं आणि मधल्या फ्रेममध्ये आकार चिखलासारखा वाहतो. दोष टूलचा नाही, पद्धतीचा. एखादी खिडकी, दार, स्थिर माणूस असेल तर ते टूल झकास आहे.

भाच्याने त्याच्या मशीनवर केडेनलाइव्हच्या नव्या आवृत्तीतलं ऑब्जेक्ट सेगमेंटेशन (वस्तू आपोआप कापणं) लावून बघितलं, २५.०४ पासून आलंय, मेटाचं (फेसबुकवाली कंपनी) सॅम-टू एआय मॉडेल वापरतं. पायथनची पॅकेजेस काही जीबी डाउनलोड झाली, मग पुतणीवर दोन क्लिक केले आणि चहा होईस्तोवर सगळ्या फ्रेमचा मास्क तयार. मी गप्पच झालो. मग झूम करून बघितलं. कडा फ्रेमगणिक वळवळतात, केस हेल्मेट घातल्यासारखे, आणि कळशीचं तोंड कधी कळशीत कधी आकाशात. चार फुटांवरून मोबाईलवर चालेल, दहा फुटी पडद्यावर नाही. पण अजून वर्षभराने मी हे वाक्य लिहीन का, शंका आहे.

मग ब्लेंडरमध्ये नीट. आकृती तोडायची: डोकं, वेणी, धड, परकर, वरचा हात, खालचा हात, कळशी. सगळे आकार एकमेकांवर थोडे चढलेले. प्रत्येकाला कमीत कमी बिंदू, कळशीला तर सहाच. आधी हालचालीची टोकं बघायची, पाय सगळ्यात वर, पाय सगळ्यात खाली, तिथे कीफ्रेम, मग दोन टोकांच्या मध्ये जिथे आकार सगळ्यात जास्त चुकतो तिथे एक, मग त्याच्या मध्ये. दर फ्रेमला हात लावायचा नाही, लावला की वळवळ सुरू. आणि सोन्यासारखी सोय म्हणजे मास्क ट्रॅकरला बांधता येतो: कळशीवर चमकणारा एक ठिपका ट्रॅक केला, कळशीचा मास्क त्याला बांधला, पहिल्या शंभर फ्रेमला हात लावावा लागला नाही.

रात्री दीडपर्यंत डोकं, धड आणि कळशी. मॅक्स फ्लायशर नावाच्या अमेरिकन माणसाने रोटोस्कोपचं पेटंट घेतलं १९१७ मध्ये, काचेखालून फिल्मची एकेक फ्रेम टाकून वरून कागदावर गिरवायची. शंभर वर्षांनी मी तेच करतोय, फक्त काच मांडीवर आहे आणि तापते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो. परकर संपला. वेणीला शेवटी मास्क नाहीच केला, मागे नवीन चित्र टाकताना वेणीच्या आसपास गडद भिंत येईल असंच चित्र निवडलं, मग कडा कशीही असली तरी चालते. हे फसवणूक आहे का? असू दे.

मोटरसायकली गेल्या.

१९ ऑगस्ट

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. लाइट येते-जाते, रेंडर रात्री.

जोडणी केडेनलाइव्हमध्ये चालूय. नॅट्रॉनचे पाच शॉट, ब्लेंडरचे दोन, सरांचा आवाज, तबला-पेटी, जाहिराती. एका सॉफ्टवेअरमध्ये सगळं करायचा हट्ट सोडल्यापासून भांडण नाही. फक्त शिस्त लागते: प्रत्येक शॉटला वेगळं फोल्डर, आत मूळ क्लिप, प्रोजेक्ट फाईल, पीएनजी. ३० फ्रेमचं सेटिंग तिन्ही ठिकाणी हाताने तपासायचं, ब्लेंडर नवीन फाईलला २४ धरतो, एकदा त्याने सरांना सावकाश चालायला लावलं होतं.

अध्यक्ष बघून गेले. म्हणाले, "तो फ्लेक्सवाला शॉट कुठाय?" म्हणलं हाच तो. तर म्हणाले, "अरे, तो माझ्या मेव्हण्याचा फ्लेक्स होता, काढला कशाला?"

२६ ऑगस्ट

मंडपात चाचणी. पडद्यावर रंग फिका पडला, समोर एलईडीच्या माळा आहेत त्यामुळे. दोन माळा बंद करायला लावल्या, व्हिडिओचा काँट्रास्ट थोडा वाढवून परत रेंडर. लूपमध्ये फिरताना शेवटी अर्धा सेकंद काळं आणि डेस्कटॉप दिसत होता, एमपीव्ही प्लेअर फुलस्क्रीन आणि लूप लावून चालवलं तर गेलं. स्क्रीनसेव्हर बंद, स्लीप बंद, अपडेटच्या सूचना बंद, वायफाय बंद.

३१ ऑगस्ट, रविवार

चार दिवस व्हिडिओ चालूय. गर्दी चांगली, घरोघरी आज गौरी आल्या त्यामुळे बायकांची पण. पुतणी रोज मैत्रिणींना घेऊन येते आणि कळशीवाला शॉट आला की पहिल्यांदा बघितल्यासारखं करते.

शॉट चारमध्ये बाराव्या सेकंदाला सरांच्या डाव्या कोपराजवळ कडा थरथरते. कोणाला दिसत नाही, विचारून बघितलं, सरांनाही नाही. मला मात्र मंडपात गेलं की तेवढंच दिसतं. आज दुपारी आरतीनंतर घरी जाऊन नॅट्रॉन उघडलं, कोपराच्या जागी बाहेरचा (सरांभोवतीचा ढोबळ) मास्क दोन कीफ्रेमच्या मध्ये आत येत होता, एक कीफ्रेम टाकली, चाळीस फ्रेम परत काढल्या, संध्याकाळी साडेसहाला गर्दी सुरू व्हायच्या आत फाईल बदलली.

शॉट सहामध्ये पण एक आहे. ते बघतो उद्या, लाइट राहिली तर.